चौथ्या पिढीच्या आय३ पीसीवर फ्रीबीएसडी : दुकानातल्या कामाला लावायचं तर काय काय बघावं?

निपाणी_टंकन

नमस्कार मंडळी. दुकानात एक असेंबल केलेला पीसी आहे: आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. लिनक्स दुसऱ्या मशीनवर चालू आहे, त्यामुळं टर्मिनलची भीती नाही. या पीसीवर फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) घालून रोजच्या कामाला लावायचा विचार आहे.

काम असं: मराठी, कन्नड आणि इंग्रजी टायपिंग (एकाच अर्जात तिन्ही येतात), ब्राउझरमधून पहाणी-उतारे आणि परीक्षांचे फॉर्म, लिबरऑफिस, प्रिंट. प्रिंटर दोन, एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी२९००. डिजिटल सहीचं यूएसबी टोकनही अधूनमधून लावावं लागतं. ब्रॉडबँड आहे खरं पावसात टिकेना, तेव्हा फोनचं नेट यूएसबी केबलनं घ्यावं लागतं. वीज केव्हाही जाते. यूपीएस दहाएक मिनिटं धरतो.

फाइल सिस्टीम झेडएफएस घ्यावी की यूएफएस? ४ जीबी पुरेल का? विंडोज ठेवून शेजारी घालता येईल का? आणि तिन्ही लिपींचं टायपिंग नीट होतं का, हे कुणीतरी नेमकं सांगा.


खानापूर_बीएसडी

निपाणी भाऊ, मशीन या कामाला योग्य आहे. हॅसवेलचं, म्हणजे तुमच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचं, इंटेल ग्राफिक्स फ्रीबीएसडीवर व्यवस्थित चालतं, त्याला वेगळं फर्मवेअरसुद्धा लागत नाही. खरी अडचण येते ती नेटवर्क चिप, प्रिंटर आणि टोकन या तीन ठिकाणी. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून तपासून घ्या.

(कमांड इथं उच्चाराप्रमाणं लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.)

उतरवायची फाइल ‘एएमडी६४’ची ‘मेमस्टिक’ इमेज. नावात एएमडी असलं तरी इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरला तीच. ‘मिनी-मेमस्टिक’ घेऊ नका, ती उरलेलं सगळं इन्स्टॉल करताना नेटवरून ओढते आणि तुमचं नेट मध्येच गेलं की काम अर्ध्यावर अडकतं. उतरवलेली फाइल विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल -हॅशफाइल फाइलचं-नाव एसएचए२५६’ देऊन वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळवा. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमनं उतरवा. उतरवून झालं की विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करू का’ असं विचारतं, त्याला नाही म्हणायचं. पेनड्राइव्ह खराब झालेला नसतो, त्यावरची फाइल सिस्टीम विंडोजला वाचता येत नाही इतकंच.

बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, साटा मोड एएचसीआय. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर पहिल्याच पडद्यावर इन्स्टॉल, शेल आणि लाइव्ह असे पर्याय येतात. लाइव्ह घ्या, ‘रूट’ म्हणून शिरा, पासवर्ड नाही. मग ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ द्या. प्रत्येक उपकरणाच्या ओळीच्या सुरुवातीला ड्रायव्हरचं नाव असतं: ‘आरई०’ म्हणजे रिअलटेकचं लॅन ओळखलं, ‘एचडीएसी०’ म्हणजे आवाज, ‘एएचसीआय०’ म्हणजे डिस्क कंट्रोलर. जिथं ‘नन०’, ‘नन१’ दिसेल त्याला ड्रायव्हर मिळालेला नाही. एक-दोन ‘नन’ बऱ्याच बोर्डांवर असतात, तिथं लॅन किंवा वाय-फाय नाही ना एवढं बघा.

लाइव्हमध्येच फोन लावून यूएसबी टिथरिंग चालू करा. ‘यूई०’ नावाचा इंटरफेस उमटला पाहिजे. नाही उमटला तर ‘केएलडीलोड इफ_युआरएनडीआयएस’, नंतर ‘डीएचक्लायंट यूई०’. अँड्रॉइड फोनला एवढं पुरतं. हे आधीच चालवून बघितलंत तर पावसाची काळजी मिटली. यूएसबी वाय-फाय डोंगल घेणार असाल तर आत ८१८८ईयू चिप आहे का ते विचारून घ्या, तिला ‘आरटीडब्ल्यूएन’ ड्रायव्हर आहे. डोंगलची कंपनी आणि मॉडेल तेच राहतं आणि आवृत्ती बदलली की आतली चिप बदललेली असते, त्यामुळं खोक्यावरच्या नावावर जाऊ नका.

आता डिस्क. विंडोज आहे त्या हार्ड डिस्कवर राहू द्या. फ्रीबीएसडीसाठी २४० किंवा २५६ जीबीची वेगळी एसएसडी घ्या. एच८१ वर साटाची चार पोर्ट असतात, त्यातली दोन ६ गिगाबिटची, एसएसडी त्यातल्या एकाला लावायची. आणि इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. इन्स्टॉलरचा ‘ऑटो झेडएफएस’ पर्याय निवडलेली आख्खी डिस्क पुसतो, आणि यादीत ‘एडीए०’ आणि ‘एडीए१’ अशी नावं दिसतात. केबलच नसली तर चुकायची सोय राहत नाही. नंतर केबल लावून बूटच्या वेळी बायोसच्या बूट मेनूतून हवी ती डिस्क निवडायची. एकाच डिस्कवर पार्टिशन करून दोन्ही बसवता येतात, पण त्यात ईएफआय पार्टिशन सामायिक होतं आणि दुकानातल्या मशीनवर तो धोका कशाला?

झेडएफएस घ्या. कारण वीज. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही, नवीन जागी लिहून मग पॉइंटर हलवतं. त्यामुळं मध्येच करंट गेला तरी डिस्क आधीच्या सुसंगत अवस्थेत सापडते, एफएससीके (फाइल सिस्टीमची तपासणी-दुरुस्ती) लागत नाही. शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण जाऊ शकतं, फाइल सिस्टीम मोडत नाही. एकच डिस्क असल्यानं ‘स्ट्राइप’ निवडा. स्वॅप मूळ २ जीबी असतं, ते ४ करा.

४ जीबी रॅमवर झेडएफएस चालतं. त्याचा एआरसी नावाचा कॅशे रॅम भरून घेतो आणि गरज पडली की सोडतो, खरं तो सोडेपर्यंत फायरफॉक्स अडखळतो. ‘/बूट/लोडर.कॉन्फ’मध्ये ‘व्हीएफएस.झेडएफएस.आर्क_मॅक्स’ ५१२ एमबी ठेवा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे रॅम ८ जीबी करा. बोर्डावर दोनच स्लॉट असतात, डीडीआर३ १६०० ची ४ जीबीची आणखी एक काडी जुन्या बाजारात सहज मिळते.

इन्स्टॉलर वेळेचं विचारतो तेव्हा क्षेत्र ‘आशिया, कोलकाता’. त्याबरोबर ‘सीमॉस (बोर्डाचं) घड्याळ यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत, आहे का’ असा प्रश्न येऊ शकतो. विंडोज बोर्डाच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, म्हणून ‘नाही’ म्हणा. ‘हो’ म्हणालात तर फ्रीबीएसडीतली वेळ साडेपाच तास पुढं दिसेल. युजर करताना त्याला ‘व्हील’, ‘व्हिडिओ’ आणि ‘ऑपरेटर’ या गटांत घाला. व्हील नसेल तर ‘एसयू’ करून रूट होता येत नाही, व्हिडिओ नसेल तर ग्राफिक्सचा वेग मिळत नाही, ऑपरेटर नसेल तर साध्या युजरला मशीन बंद करता येत नाही.

पहिल्या बूटनंतर: ‘पीकेजी इन्स्टॉल झॉर्ग डीआरएम-केमॉड एक्सएफसीई लाइटडीएम लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर फायरफॉक्स लिबरऑफिस’. मग ‘सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस’, ‘सिसआरसी डीबस_एनेबल=येस’. लाइटडीएम लगेच कायमचं चालू करू नका. आधी रीबूट करा, मग ‘सर्व्हिस लाइटडीएम वनस्टार्ट’ देऊन लॉगिनचा पडदा येतो का बघा. आला की ‘लाइटडीएम_एनेबल=येस’.

इथं जुने लेख वाचून लोक फसतात. आय९१५केएमएस हे ‘लोडर.कॉन्फ’मध्ये घालायचं नाही, ‘आरसी.कॉन्फ’च्या केएलडी_लिस्टमध्येच घालायचं. लोडरमधून भरलं तर पडदा काळा होऊन मशीन अडकू शकतं. केएलडी_लिस्टमध्ये घालूनही पडदा काळा झाला, किंवा कर्नल आणि मॉड्यूलची आवृत्ती जुळली नाही, तर बूट मेनूत सिंगल युजर निवडा, ‘माउंट -युआरडब्ल्यू /’ आणि ‘झेडएफएस माउंट -ए’ करा, ती ओळ काढा, रीबूट.


निपाणी_टंकन

खूप आभार. एसएसडी आणि रॅम दोन्ही घेतो. लाइव्हमध्ये लॅन ‘आरई०’ म्हणून दिसलं, फोनपण चालला. टायपिंगचं कुणी सांगेल का?


टिळकवाडी_कळफलक

टायपिंगचं मी सांगते. मराठी, कन्नड, इंग्रजी या तिन्हींना वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. झॉर्गच्या (ग्राफिक्सचा पडदा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कळफलक यादीत तिन्ही आहेत. चालू करून बघायला: ‘सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,इन,इन -व्हेरियंट ,मराठी,कॅन -ऑप्शन जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल’. व्हेरियंटच्या यादीत पहिला स्वल्पविराम मोकळा आहे तो विसरू नका, तो इंग्रजीच्या जागेचा आहे. विसरलात तर मराठी इंग्रजीला चिकटते आणि चूक दाखवून कळफलक बदलतच नाही. यानंतर ऑल्ट-शिफ्ट दाबलं की इंग्रजी, मराठी, कन्नड असं चक्र फिरतं. एका वेळी चारपेक्षा जास्त कळफलक ठेवता येत नाहीत, तुम्हाला तीनच हवेत.

कायमचं करायला एक्सएफसीईच्या कळफलक सेटिंगमध्ये लेआउटच्या टॅबवर ‘सिस्टीम डिफॉल्ट वापरा’ची खूण काढा आणि तिथंच तिन्ही जोडा. ती खूण राहिली तर वरची कमांड पुढच्या लॉगिनला पुसली जाते. इंग्रजी पहिल्या जागी ठेवा. पडदा लॉक झाल्यावर पासवर्ड ज्या कळफलकात टाइप होईल तो चुकीचा असला तर बरोबर पासवर्डसुद्धा नाकारला जातो आणि ठिपके दिसत असल्यानं कारण कळत नाही.

ही मांडणी इनस्क्रिप्ट, भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर ज्यांचा हात बसलाय त्यांनी कन्नडसाठी ‘कॅन’च्या जागी ‘कॅन-कागापा’ घ्यावं, ती कन्नड गणक परिषदेची मांडणी आहे. मराठीसाठीही ‘मार-कागापा’ आहे, म्हणजे दोन्ही लिप्यांना क च्या जागी क, ग च्या जागी ग असा एकच हात चालतो. आपल्याकडं एकाच टेबलावर दोन्ही भाषा टाइप होतात, तिथं ही मांडणी इनस्क्रिप्टपेक्षा लवकर हाताखाली येते असं माझं मत. रोमन अक्षरांतून टाइप करायची सवय असेल तर ‘आयबस’ आणि ‘आयबस-एम१७एन’ पॅकेज घालून मराठीची आयट्रान्स पद्धत निवडा. त्यासाठी युजरच्या ‘.एक्सप्रोफाइल’मध्ये जीटीके_आयएम_मॉड्यूल आणि क्यूटी_आयएम_मॉड्यूल दोन्हींची किंमत ‘आयबस’ ठेवावी लागते, नाहीतर फायरफॉक्समध्ये चालतं आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चालत नाही.

आता मराठीचा अवघड भाग, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. इनस्क्रिप्टवर ‘शेतकऱ्यांना’ असं येतं: शिफ्ट-एम (श), एस (े), एल (त), के (क), मग शिफ्ट-जे (ऱ), डी (्), तिरपी रेघ (य), ई (ा), एक्स (ं), व्ही (न), ई (ा). सगळी गोम शिफ्ट-जे मध्ये आहे. नुसतं जे दाबून डी दाबलं तर ‘र्य’ होतं आणि ‘शेतकर्यांना’ उमटतं. काही जुनी सॉफ्टवेअर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून तसाच आकार काढतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण आतले कोड वेगळे, म्हणून फाइलमध्ये शोधायला गेलं की एक सापडतं आणि दुसरं सापडत नाही. गावाची यादी किंवा मतदारांची नावं टाइप करताना हे फार महागात पडतं. सगळीकडं शिफ्ट-जे चाच ऱ वापरा.

फॉन्ट आपोआप येत नाहीत. ‘पीकेजी सर्च नोटो’ करून नोटोची पॅकेज बघा आणि देवनागरी, कन्नड दोन्ही येतील अशी घाला. मग ‘एफसी-कॅश -एफ’. लिबरऑफिसच्या भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून भाषा मराठी निवडा, हिंदी नको. नोटो सान्स देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच ते निघतात. भाषा हिंदी राहिली तर आख्ख्या लग्नपत्रिकेत हिंदी वळणाचा ल छापून येतो. पत्रिका, हँडबिलं करायची असतील तर स्क्रायबस १.६ घ्या, त्यात जोडाक्षरं बरोबर जुळतात.

श्रीलिपी किंवा जुन्या नुडीच्या फायली मात्र युनिकोड नाहीत. त्यांचा फॉन्ट तुमच्याकडं परवान्यानं असेल तर ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये टाकून फाइल बघता आणि छापता येते. त्या पद्धतीनं नवीन टाइप करायचं तर ते सॉफ्टवेअर विंडोजचंच. आणि झॉर्गबाहेरच्या काळ्या कन्सोलवर मराठी फाइलनावं वाचता येतील अशी अपेक्षा नको, तिथं जोडाक्षरं जुळवणारं काही नाही. एक्सटर्ममध्येही तेच.


चिकोडी_पफी

अण्णा, ओपनबीएसडी या फ्रीबीएसडीच्या भावंडाचाही विचार करा. झॉर्ग मूळ सिस्टीममध्येच येतं, मॉड्यूल आणि कर्नल जुळण्याची भानगडच नाही. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, मधले पॅच ‘सिसपॅच’नं, मोठी उडी ‘सिसअपग्रेड’नं, फर्मवेअर ‘एफडब्ल्यू_अपडेट’नं. फोनचं टिथरिंग इथंही ‘युआरएनडीआयएस’नंच चालतं, ‘/ईटीसी/होस्टनेम.युआरएनडीआयएस०’मध्ये ‘इनेट ऑटोकॉन्फ’ एवढी एक ओळ लिहिली की झालं.

दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. हायपरथ्रेडिंग मुद्दाम बंद असतं, त्यामुळं तुमच्या आय३ चे चारऐवजी दोनच धागे चालतील, ‘सिसकंट्रोल एचडब्ल्यू.एसएमटी=१’ नं उघडता येतात. आणि फायरफॉक्सला फक्त ‘डाउनलोड्स’ फोल्डर दिसतं. फॉर्मला जोडायचा फोटो, सही, दाखला सगळं तिथंच ठेवावं लागतं. बाहेरून आलेल्या पेनड्राइव्ह आणि साइट रोज हाताळणाऱ्या दुकानाला मी हा बंदोबस्त हवाच म्हणेन.


खानापूर_बीएसडी

चिकोडीकर, सुरक्षेबद्दल पूर्ण सहमत. खरं निपाणी भाऊंची मुख्य अडचण वीज आहे. ओपनबीएसडीच्या एफएफएस फाइल सिस्टीमला जर्नल (लिखाणाची नोंदवही) नाही, सॉफ्टडेप हा पर्यायही काढून टाकलाय. अचानक बंद पडलं की पुढच्या बूटला एफएससीके, आणि तेवढ्यानं दुरुस्त झालं नाही तर रूट शेलवर थांबून हातानं एफएससीके चालवावं लागतं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना ते परवडत नाही. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या किंवा लॅपटॉपसाठी मीही ओपनबीएसडीच सांगेन.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर ‘नट’ (यूपीएसवर लक्ष ठेवणारं) पॅकेज घाला. स्वस्त यूपीएस बहुतेक ‘नटडीआरव्ही_क्यूएक्स’ ड्रायव्हरला उत्तर देतात. बॅटरी खाली आली की मशीन आपोआप नीट बंद होतं. पोर्ट नसेल तर वीज गेल्यावर हातानं बंद करणं हाच उपाय.


निपाणी_टंकन

इन्स्टॉल झालं. एक अडलंय. रात्री भिंतीवरच्या बोर्डावरून मेन स्विच बंद करून सकाळी चालू केलं की ‘पीकेजी’ सर्टिफिकेटची चूक दाखवतंय, फायरफॉक्सपण कुठलीच साइट उघडेना. नेट चालू आहे, पिंग जातंय. ‘डेट’ दिलं तर साल २०१४ येतंय.


संकेश्वर_दुरुस्ती

मदरबोर्डावरचा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. मीटरवर २.७-२.८ च्या खाली दिसला तर बदलायचाच. मेन स्विच चालू असतो तेव्हा एसएमपीएसचे ५ व्होल्ट स्टँडबाय घड्याळ चालवतात, म्हणून नुसतं शटडाउन केलेल्या मशीनवर हा दोष लपून राहतो. मेन बंद केला की घड्याळ बोर्डाच्या मूळ तारखेवर जातं. मग साइटचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं मशीनला वाटतं आणि जोडणी नाकारली जाते.

सेल येईपर्यंत नेटवरून वेळ लावणारं एनटीपीडी चालू करा: ‘सिसआरसी एनटीपीडी_एनेबल=येस’ आणि ‘सिसआरसी एनटीपीडी_सिंक_ऑन_स्टार्ट=येस’. दुसरी ओळ महत्त्वाची. ती नसेल तर फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त दिसला की एनटीपीडी वेळ न बदलता बंद पडतो. नेट नसताना ‘डेट’पुढं साल, महिना, दिवस, तास, मिनिट सलग लिहून हातानं लावा.

सेल बदलला की बायोस मूळ सेटिंगवर जातं. सिक्युअर बूट, साटा मोड आणि बूटचा क्रम पुन्हा बघून घ्या.

प्रिंटरबद्दल. प्रिंटिंग सांभाळणारी ‘कप्स’ आणि ‘कप्स-फिल्टर्स’ ही पॅकेज घाला, ‘कप्सडी_एनेबल=येस’, मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ६३१ पोर्टवर जाऊन प्रिंटर जोडा. यूएसबी प्रिंटर यादीत दिसत नसेल तर परवानगीचा प्रश्न असतो. ‘/ईटीसी/डेव्हएफएस.रूल्स’मध्ये ‘युएलपीटी*’, ‘युएनएलपीटी*’ आणि यूएसबीच्या उपकरणांना मोड ०६६०, गट ‘कप्स’ असे नियम लिहा, ‘आरसी.कॉन्फ’मध्ये त्या नियमसंचाचं नाव ‘डेव्हएफएस_सिस्टीम_रूलसेट’ म्हणून द्या आणि डेव्हएफएस सर्व्हिस रीस्टार्ट करा.

लेझरजेट १०२० स्वतःत फर्मवेअर साठवत नाही. दर वेळी प्रिंटर चालू केला की पीसीनं त्यात फर्मवेअर भरावं लागतं. ‘फू२झेडजेएस’ हा ड्रायव्हर हे काम करतो. प्रिंटर बंद-चालू झाला आणि फर्मवेअर गेलं नाही तर जॉब रांगेतून निघून जातो, कागद मात्र हलत नाही. अशा वेळी कप्सला दोष न देता फर्मवेअर आधी भरा.

कॅनन एलबीपी२९०० या मशीनला जोडायच्या भानगडीत पडू नका. तो कॅनन स्वतःची सीएपीटी भाषा बोलतो आणि कंपनीचा बीएसडीसाठी ड्रायव्हर नाही. तो तुमच्या लिनक्स किंवा विंडोज मशीनला ठेवा आणि इथून पीडीएफ पाठवा.

टोकनचंही तसंच. टोकनबरोबर येणारं सॉफ्टवेअर बीएसडीसाठी देत नाहीत. भायव्ह या फ्रीबीएसडीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवून त्याला टोकन देऊ असं वाटेल, पण भायव्ह एकटं यूएसबी उपकरण आतल्या मशीनला देत नाही. आख्खा यूएसबी कंट्रोलर द्यावा लागतो, त्याला प्रोसेसरमधली व्हीटी-डी ही सोय हवी, ती आय३-४१३० मध्ये नाही. सहीचं काम आलं की हार्ड डिस्कवरच्या विंडोजमध्ये बूट करा, तेवढ्यापुरतंच. तिथं ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ करून ठेवा. फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर विंडोज बंद न होता अर्धं झोपतं आणि फ्रीबीएसडीतून ‘एनटीएफएस-३जी’नं ती डिस्क जोडली की फक्त वाचता येते.


गोकाक_जुना_पीसी

मध्येच विचारतो. पेंटियम ड्युअल-कोअर ई५४००, जी४१ बोर्ड, २ जीबी रॅम. ३२ बिटची इमेज कुठली घ्यावी? फ्रीबीएसडी १५ मध्ये ती दिसेना.


खानापूर_बीएसडी

१५.० पासून ३२ बिट पीसीसाठी इमेज काढणं बंद झालंय. पण तुम्हाला ती लागतच नाही, ई५४०० हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे. त्यावर आधी ३२ बिट विंडोज होतं म्हणून तसं वाटतं. ‘एएमडी६४’ची इमेज घ्या. या बोर्डाला यूईएफआय नसतं, त्यामुळं पार्टिशनला जीपीटी निवडून बूट झालं नाही तर एमबीआर घ्या. २ जीबीवर झेडएफएस नको, यूएफएस घ्या. इन्स्टॉलर त्यावर जर्नल आपोआप लावतो, आणि ‘एफएससीके_वाय_एनेबल=येस’ ठेवलंत तर वीज गेल्यावर बूट अडून राहत नाही. भायव्ह या प्रोसेसरवर चालणार नाही, त्याला लागणारी ईपीटी ही सोय यात नाही.

जुनीच हार्ड डिस्क वापरणार असाल तर आधी ‘स्मार्टमॉनटूल्स’ घालून ‘स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एडीए०’ बघा. ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळींचा शेवटचा आकडा शून्य हवा. १९७ वाढत असेल तर त्या डिस्कवर काहीच ठेवू नका.

खरंच ३२ बिटचंच मशीन असेल, जुना पेंटियम ४ वगैरे, तर नेटबीएसडी १० बघा.


निपाणी_टंकन

सेल बदलला, सगळं सुरू झालं. १०२० वर ‘शेतकऱ्यांना’ बरोबर छापलं गेलं, ताई. एचडीएमआय लावल्यापासून स्पीकरला आवाज नाही, आणि अपडेट कसे करायचे तेवढं सांगा.


टिळकवाडी_कळफलक

आवाज: ‘कॅट /डेव्ह/एसएनडीस्टॅट’ द्या. यादीत ‘पीसीएम०’ एचडीएमआय असेल आणि मागचं हिरवं जॅक ‘पीसीएम१’ किंवा पुढं कुठंतरी असेल. ‘सिसकंट्रोल एचडब्ल्यू.एसएनडी.डिफॉल्ट_युनिट=१’ करून ऐका. जमलं की तीच ओळ ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ’मध्ये लिहा. फायरफॉक्स आधीच उघडा असेल तर तो बंद करून परत उघडावा लागतो.


खानापूर_बीएसडी

अपडेटचे दोन भाग. मूळ सिस्टीम ‘फ्रीबीएसडी-अपडेट फेच इन्स्टॉल’नं, प्रोग्रॅम ‘पीकेजी अपग्रेड’नं. (१५ घातलं असेल आणि इन्स्टॉलरमध्ये ‘पॅकेजेस’ निवडलं असेल तर मूळ सिस्टीमही पीकेजीनंच अपडेट होते, फ्रीबीएसडी-अपडेट तिथं चालत नाही. ‘डिस्ट्रिब्युशन सेट्स’ निवडलं असेल तर वरचीच पद्धत.) दोन्हींच्या आधी ‘बीईसीटीएल क्रिएट’ आणि पुढं तारखेसारखं एखादं नाव. झेडएफएसवर हे क्षणात होतं आणि सुरुवातीला जागाही जवळपास घेत नाही. अपडेटनंतर पडदा काळा आला तर बूट मेनूत ‘बूट एन्व्हायर्नमेंट्स’मध्ये जाऊन ते नाव निवडा, मशीन आधीच्या अवस्थेत उभं राहतं. ‘होम’मधल्या फायली यात मागं जात नाहीत, त्या वेगळ्या डेटासेटवर असतात, म्हणजे सकाळी टाइप केलेले अर्ज जागेवरच राहतील.

‘पीकेजी अपग्रेड’ची यादी हो म्हणण्याआधी वाचा. ‘रिमूव्ह’च्या खाली फायरफॉक्स, लिबरऑफिस किंवा डीआरएम-केमॉड दिसलं तर ‘नाही’ म्हणा आणि दोन-तीन दिवसांनी परत करा. एखादं पॅकेज त्या फेरीत बांधलं गेलेलं नसतं तेव्हा असं होतं, पुढच्या फेरीत ते परत येतं. अपडेट दुकान बंद करताना करा, खरं मेन स्विच पाडण्याआधी मशीन एकदा रीबूट करून लॉगिनपर्यंत आलेलं बघा.